उघडत नाही, मिटत नाही, वाजत नाही

माझ्या घरात सध्या तीन सीडी चेंजर आहेत. एक उघडत नाही, दुसरा मिटत नाही आणि तिसरा उघडमीट अगदी शिस्तीत करतो, पण वाजत नाही. तिघांत मिळून एक उत्तम चेंजर आहे, हे माझं म्हणणं. तिघांच्या जागेत एक पाहुणा आरामात झोपेल, हे बायकोचं म्हणणं. दोन्ही विधानं खरी असल्यामुळे वाद मिटण्याची चिन्हं नाहीत.

सीडी चेंजर म्हणजे काय, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. एकामागून एक अनेक सीडी आपल्या आपण बदलून वाजवणारं यंत्र. आळशी माणसांच्या सोयीसाठी ते कष्टाळू माणसांनी बनवलं. पूर्वी एलपी ऐकणारा रसिक दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचा, सुई उचलायचा, तबकडी उलटायचा, पुसायचा आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायचा. कुणाची तक्रार नव्हती. मग १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीने जपानमध्ये सीडीपी-१०१ हा प्लेयर बाजारात आणला आणि बारा सेंटिमीटरच्या चकतीवर ७४ मिनिटं सलग ऐकायची सोय झाली. आता खरं तर माणसाने नारळ फोडून गप्प बसायला हवं होतं. पण पंचवीस मिनिटांनी उठताना ज्याचे गुडघे कधी कुरकुरले नव्हते, त्याला आता चौऱ्याहत्तर मिनिटांनी उठणं जिवावर येऊ लागलं.

कंपन्यांनी या दुःखाची तातडीने दखल घेतली. ऐंशीचं दशक संपायच्या आत पायोनियरचं सहा सीडींचं मॅगझीन आलं. कुणी पाच सीडींची फिरती थाळी काढली. त्यातल्या काहींत एक सीडी वाजत असताना उरलेल्या चार बदलता येत. म्हणजे उठावं लागू नये म्हणून घेतलेल्या यंत्रापाशी मध्येच उठून जाण्याचीही सोय. पुढे तर ताळतंत्रच सुटलं. सोनीने २००, ३०० आणि शेवटी ४०० सीडी पोटात उभ्या रचून ठेवणारी यंत्रं काढली. तीनशे सीडी गुणिले ७४ मिनिटं म्हणजे ३७० तास, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा दिवस. एका एकादशीला बटण दाबून आरामखुर्चीत बसलेल्या माणसाने पुढची एकादशी उलटली तरी उठायला नको. मधल्या काळात आंघोळीचं काय करायचं, हे माहितीपुस्तकात दिलेलं नसतं.

आपल्याकडे ही चैन नव्वदच्या दशकात तीन सीडींच्या मिनी सिस्टिमच्या रूपाने आली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘२००० वॉट पीएमपीओ’ असं छापलेलं असे आणि यंत्राच्या पाठीवर, कुणी वाचू नये अशा बेताने, ‘वीजवापर १२० वॉट’ असं लिहिलेलं असे. भिंतीतून एकशेवीस घ्यायचे आणि खोलीत दोन हजार सोडायचे! पीएमपीओ मोजायचं ठरलेलं असं एक मापच नव्हतं, त्यामुळे ज्याला जितके वॉट हवेत तितके तो छापायचा. शेजाऱ्यांकडे बावीसशे आला की आपल्या अठराशेची मान खाली जायची. मला तेव्हा दोन्ही परवडत नव्हते. मी शेजाऱ्यांचा बावीसशे भिंतीपलीकडून फुकट ऐकत असे. त्या वयात मनात जे राहून जातं, ते माणूस पन्नाशीत सेकंडहँड घेतो.

माझी खरेदीची वेळही अचूक. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांचं दुकान २०१६ साली बंद झालं, ओळखीची माणसं सीडी रद्दीवाल्याला किलोवर देऊ लागली, नवे चेंजर दुकानांतून दिसेनासे झाले आणि नेमकी तेव्हा मला चेंजर घ्यायची बुद्धी झाली. “बाबा, कुठलं गाणं हवंय? फोनवर लावते ना,” असं मुलगी म्हणाली. मी म्हटलं, “फोनवर काय, सगळ्यांकडेच असतं.” यावर तिने जो चेहरा केला, तो नंतर घरातल्या सगळ्यांनी कायमचा उचलला.

पहिला चेंजर चोरबाजारातला. शुक्रवारी पहाटे तिथल्या गल्ल्यांत रस्त्यावर माल मांडतात आणि गिऱ्हाईकं टॉर्च मारून तो बघतात. टॉर्चच्या उजेडात सगळ्याच वस्तू नव्या दिसतात. पाच सीडींचा, काळा, भारदस्त असा एक चेंजर मला दिसला.

“चालू है?”

“एकदम चालू, साब.” त्याने कुठून तरी एक वायर ओढून आणली आणि पिन खुपसली. पडद्यावर निळी अक्षरं उमटली : नो डिस्क.

“ये तो नो डिस्क बोल रहा है.”

“डिस्क नहीं है, तो नो डिस्कही बोलेगा ना? मशीन झूठ नहीं बोलता.”

तर्क बिनतोड होता. मी पैसे दिले. घरी आणून त्यात सीडी घातली. यंत्राने ती आत घेतली, थाळी फिरवली, थोडा विचार केला आणि सांगितलं : नो डिस्क. दुसरी घातली. नो डिस्क. पाचही खण भरले. यंत्राने प्रत्येक खणाची मनापासून तपासणी केली आणि पाचही वेळा तेच मत दिलं. इतकं ठाम मत मी फक्त आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं पाहिलंय.

हा चेंजर मी लोकलच्या लगेजच्या डब्यातून मुलुंडला आणला, तो प्रवासही सांगण्यासारखा आहे. मासळीच्या टोपल्यांमध्ये मी मांडीवर चेंजर घेऊन बसलो होतो. समोरच्या मावशी बराच वेळ बघत होत्या.

“काय रे बाबा, टीव्ही हाय काय?”

“नाही मावशी, गाण्याचं मशीन. एकदम पाच तबकड्या लागतात.”

“चालतो?”

“चालतो की.”

“मग त्यानं इकला कशाला?”

हा प्रश्न त्यानंतर मला कुठल्याच विक्रेत्याला विचारायचा धीर झाला नाही. सेकंडहँड बाजार सगळा त्या प्रश्नाकडे पाठ करूनच उभा आहे.

पुढच्या खेपेपासून मी स्वतःची सीडी बरोबर नेऊ लागलो. कुठली न्यावी यावर पुष्कळ विचार केला. भरपूर वाद्यं असलेलं गाणं सगळं झाकून टाकतं, यंत्राची खरखर ऐकू यायची तर शांत काही हवं. म्हणून मी विलंबित ख्यालाची सीडी नेली. चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटच्या तोंडाशी, हॉर्न आणि हातगाड्यांच्या कल्लोळात, एका चेंजरवर आलाप सुरू झाला. मी डोळे मिटून ऐकू लागलो. दुकानदार अस्वस्थ झाला. षड्जावरून मंडळी काही हलत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं. थोड्या वेळाने त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अपराधी स्वरात म्हणाला, “साब, बेल्ट ढीला हो गया है. नया डाल देंगे, तो स्पीड आ जायेगा.”

‘नो डिस्क’वाला चेंजर मी आमच्या भागातल्या शेवटच्या मेकॅनिककडे नेला. जिन्याखालच्या खोलीत हे गृहस्थ बसतात आणि त्यांच्याभोवती गेल्या चाळीस वर्षांचं करमणुकीचं साहित्य बसतं. त्यांनी यंत्राकडे न बघताच सांगितलं, “ठेवून जा.”

“कधी येऊ?”

“फोन करतो.”

माझा नंबर त्यांनी घेतला नव्हता. बऱ्याच दिवसांनी गेलो, तर माझ्या चेंजरवर एक व्हीसीआर, त्यावर एक मिक्सर आणि त्यावर मेकॅनिकांचा डबा होता. “लेन्स गेलीय,” ते डबा उचलत म्हणाले. “कंपनीकडे आता मिळत नाही. असाच दुसरा चेंजर कुठे मिळाला तर आणा, त्यातली काढून यात टाकतो.”

आता हा सल्ला कुणीही ऐकून सोडून दिला असता. मी तो आज्ञा म्हणून घेतला. तंतोतंत तसाच चेंजर मला ठाण्याच्या एका सद्गृहस्थांकडे मिळाला. घरगुती वापर, खाली क्रोशाचा रुमाल, वर गणपती. गणपती त्यांनी ठेवून घेतला.

“रिमोट?” मी विचारलं.

“आहे ना. कुठेतरी आहे. सापडला की कळवतो.”

जुनं यंत्र विकताना माणूस सगळं देतो, रिमोट देत नाही. त्याला वाटतं, कधीतरी उपयोगी पडेल. कशाला उपयोगी पडेल, हे त्याने स्वतःला विचारलेलं नसतं. मुंबई-ठाण्याच्या घराघरांतल्या ड्रॉवरमध्ये विकून टाकलेल्या यंत्रांचे रिमोट सेल गळत पडलेले आहेत आणि त्यांची यंत्रं रिमोटवाचून परगावी नांदतायत. त्यात गंमत अशी की चेंजरची निम्मी कामं फक्त रिमोटवरूनच होतात. गाण्यांचा क्रम लावायचा, तर रिमोट. म्हणजे खुर्चीतून न उठण्यासाठीचं यंत्र माझ्याकडे आहे आणि त्याची बटणं ठाण्याला.

दुसरा चेंजर मेकॅनिककडे नेला. त्यांनी या वेळी चक्क यंत्राकडे बघितलं. “अहो, याची लेन्स झकास आहे! फक्त ट्रे आत-बाहेर होत नाहीये. याची लेन्स काढून त्याला लावण्यापेक्षा त्याचा ट्रे काढून याला लावू.” म्हणजे ज्याच्यासाठी दाता शोधायला निघालो, तोच दाता ठरला. मला ते बघवेना. पहिल्याने सांगितल्या वेळी ट्रे उघडायची आणि मिटायची एवढी एकच गोष्ट आयुष्यात नीट केली होती. तीही काढून घ्यायची? मी म्हटलं, “दुसरा काही उपाय?”

“आहे. बेल्ट टाका. साधा रबराचा असतो.”

चेंजरच्या ट्रेला आत-बाहेर करणारी जी मोटर असते, तिच्यावर बोटभर व्यासाचा एक रबरी बेल्ट असतो. जपानी अभियंत्यांनी लेझर, मोटरी, दंतचक्रं असं सगळं थाटात बसवून शेवटी भिस्त त्या रबरावर ठेवली. बऱ्याच वर्षांनी ते रबर एकतर सैल पडतं, नाहीतर वितळून काळा चिकट रस होतं. माझ्यातल्याचा रस झाला होता. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने फोनवर “नमुना आणा” असं सांगितल्यामुळे मी तो रस चिमट्याने खरवडून लग्नपत्रिकेच्या पाकिटातून घेऊन गेलो. दुकानदाराने पाकीट उघडलं, वास घेतला आणि विचारलं, “ये क्या है?”

“बेल्ट है.”

“था,” तो म्हणाला आणि पाकीट परत दिलं.

त्याने अंदाजाने दिलेला बेल्ट मोठा निघाला. दुसऱ्या दुकानातला लहान निघाला. शेवटी कोथिंबिरीच्या जुडीचं रबरबँड लावलं. मोटर फिरली, ट्रे रुबाबात बाहेर आला आणि तेवढ्यात रबरबँड तुटलं. तेव्हापासून तो बाहेरच आहे. बायकोने काही दिवस वाट पाहिली आणि मग त्या थाळीच्या पाच खणांत अनुक्रमे किल्ल्या, वाचायचा चष्मा, भाजीवाल्याची चिल्लर, वीजबिल आणि इसबगोलाची पाकिटं ठेवायला सुरुवात केली. घरातल्या सगळ्या विजेच्या वस्तूंत रोज वापरात असलेली अशी ही एकच, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगते. चष्मा हवा असेल तर थाळी हाताने फिरवायची.

दरम्यान पहिल्याची लेन्स एकदा पुसून बघावी, असं मला कुणीतरी सुचवलं. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मी केमिस्टकडे गेलो. नेमक्या आमच्या शेजारच्या काकू तिथे बी-कॉम्प्लेक्स घेत होत्या.

“अल्कोहोल आहे का?”

केमिस्टने काकूंकडे बघितलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

“लेन्स पुसायला,” मी घाईने म्हणालो.

“चष्म्याची?”

“नाही, गाण्याची.”

मी घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती. आणि लेन्स पुसल्यावर चेंजर काय म्हणाला, हे आता सांगायला नको.

एवढ्यावर शहाणा माणूस थांबतो. पण पार्ल्याला एक इमारत पुनर्विकासाला निघाली. मुंबईतल्या पुनर्विकासाचे फायदे-तोटे काय असतील ते असोत. माळ्यावर वीस-वीस वर्षं दडलेली सगळी यंत्रं त्यामुळे एकदम उजेडात येतात. तिथल्या एका काकांकडे अमेरिकेतल्या मुलाने आणून दिलेला तीनशे सीडींचा चेंजर असल्याचं कळलं. बिल्डरने दिलेल्या तात्पुरत्या जागेत काकांचं कपाटच जेमतेम मावणार होतं. मी तातडीने गेलो. काकांनी मला आधी बसवलं, मग पाणी दिलं आणि मग चौकशी सुरू केली.

“काय ऐकता?”

“शास्त्रीय. नाट्यसंगीत. जुनी भावगीतं.”

“हं. घरात ओल आहे का?”

“नाही.”

“लहान मुलं?”

“एकच मुलगी. ती नोकरी करते.”

“मग हरकत नाही. लहान मुलं फटीतून बिस्किटं घालतात. गावी घर आहे?”

गोत्र तेवढं विचारायचं राहिलं. शेवटी काका म्हणाले, “पैसे काही नकोत. फक्त दर रविवारी फोन करून तो कसा आहे, ते कळवत जा.” आणि जाता जाता त्यांनी प्रेमाने जोडलं, “आत चाळीसेक सीडी राहू दिल्या आहेत. माझी भेट समजा.”

असा चेंजर हलवताना आतल्या सगळ्या सीडी आधी काढायच्या असतात. हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं आणि माहितीपुस्तक रिमोटबरोबर ड्रॉवरमध्ये असतं. पार्ले ते मुलुंड रिक्षाने आलो. वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला माझ्या मांडीवर एक सीडी खाचेतून उडी मारत होती, हे मला आवाजावरून कळत होतं. पवईनंतर आवाज थांबले, कारण उडी मारायला कुणी शिल्लक नव्हतं. मेकॅनिकने झाकण काढून सगळ्या सीडी वेचून बाहेर काढल्या, यंत्र पुसलं आणि बजावलं, “यापुढे मला विचारल्याशिवाय उघडायचा नाही.”

आणि आश्चर्य म्हणजे तो चेंजर वाजला! अमेरिकेतला असल्यामुळे त्याला एकशेवीस व्होल्टची वीज लागायची. त्यासाठी विटेएवढा जड एक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणला. तो तानपुऱ्याशेजारी ठेवला असता तर चालला असता, असा एकसुरी गुणगुणायचा. पण चेंजर वाजायचा. मी घरातल्या सगळ्या सीडी त्यात भरल्या. कमी पडल्या म्हणून मित्रांच्या आणल्या. शेजारच्या जोशींनी जिवापाड जपलेली किशोरीताईंची सीडीही “दोन दिवसांत देतो” म्हणून आणली आणि खाचेत सरकवली.

आता प्रश्न आला कुठली सीडी कुठे आहे हे लक्षात ठेवण्याचा. सोनीच्या काही मॉडेलांना तर चक्क संगणकाचा कीबोर्ड जोडून सीडींची नावं टंकता येत. माझ्या यंत्राला कीबोर्ड नव्हता. एक गोल बटण फिरवत फिरवत एकेक रोमन अक्षर निवडावं लागे. वसंतराव देशपांड्यांची सीडी घेतली आणि ‘वसंत’ एवढं लिहून थांबलो. देशपांडे लिहिण्याइतकं मनगट राहिलं नव्हतं. पुढे वसंत प्रभूंची सीडी आली. वसंत देसाईंची आली. लावण्यांत वसंत पवार निघाले. बसंत रागाची एक निघाली, तिलाही हात आपोआप तेच लिहून मोकळा झाला. यंत्रात वसंतच वसंत झाले. पहाटे भावगीत ऐकावं म्हणून वसंत निवडायचा आणि ढोलकीवर थाप पडायची.

म्हणून मग दोनशे पानी वही केली. खाच क्रमांक, गायक, राग, शेरा. यंत्रात गाणं लावायचं तर आधी उठून वही आणायची, चष्मा शोधायचा, त्यासाठी दुसऱ्या चेंजरची थाळी फिरवायची, वहीत क्रमांक बघायचा, यंत्रापाशी जाऊन गोल बटण तिथपर्यंत फिरवायचं, मग आतली चाकं घर्रर्र करत फिरणार, खट्ट होणार आणि गाणं लागणार. तोवर कुकरची शिट्टी व्हायची आणि बायको विचारायची, “अहो, लागलं का तुमचं?” तिच्या ओट्यावर ‘कारवां’ असतो. २०१७ साली सारेगामाने ते यंत्र काढलं. पाच हजार गाणी आतच भरलेली, तबकडी नाही, थाळी नाही, बेल्ट नाही. हात पिठाचे असले की ती कोपराने बटण दाबते आणि मी वहीत शोधत असलेलं गाणं बहुतेक वेळा तिच्याकडे आधीच सुरू झालेलं असतं.

या कटकटीवर उपाय म्हणून मी ‘शफल’ वापरायचं ठरवलं. तीनशे सीडींतून यंत्राने मनाला येईल ते वाजवावं. यंत्राच्या मनात काय काय येतं, हे तेव्हा कळलं. ख्यालाच्या सीडीत पहिला विलंबित आणि दुसरा द्रुत असतो. यंत्र आधी द्रुत वाजवायचं, मग मुलीच्या लहानपणची इंग्रजी बडबडगीतं, मग सत्यनारायणाच्या कथेचा तिसरा अध्याय आणि संध्याकाळी केव्हातरी विलंबित. राग आधी संपायचा आणि मग सावकाश सुरू व्हायचा.

हा प्रकार घरच्या घरी होता तोवर ठीक होतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला “मागे जरा मंद संगीत असू दे” असं बायको स्वतःहून म्हणाली. इतक्या वर्षांत माझ्या यंत्राला मिळालेलं ते पहिलं आमंत्रण. मी शफल लावून आतल्या खोलीत गेलो. यंत्राने सुरुवातीलाच गणपतीची आरती निवडली. सगळ्या बायका वाणाच्या वस्तू बाजूला ठेवून उठून उभ्या राहिल्या, हात जोडले, दोघी-तिघींनी टाळ्याही धरल्या. आरती संपली. घर्रर्र... यंत्र पुढची सीडी शोधायला लागलं. आता मंत्रपुष्पांजली येणार या हिशेबाने सगळ्या हात जोडून, डोळे मिटून तशाच उभ्या. घर्रर्र चालूच. खट्ट. आणि लावणी सुरू झाली. डोळे कुणी आधी उघडायचे आणि खाली कुणी आधी बसायचं, यावर एकमत होईपर्यंत पहिलं कडवं संपलं होतं. समोरच्या आजी मात्र शेवटपर्यंत हात जोडून होत्या. त्यांना कमी ऐकू येतं.

तरीही यंत्र चालू होतं, हे महत्त्वाचं. ते बंद पाडण्याचा मान माझ्या मेहुण्याचा. तो दिवाळीला आला. हाताला गुण आहे, असं त्याच्या माहेरी, म्हणजे बायकोच्या माहेरी, मानतात. त्याने यंत्राच्या मागे डोकावून बघितलं.

“भावोजी, मध्ये हे डबडं कशाला ठेवलंय? उगाच आवाज करतंय.”

मी चकलीचा घास गिळेपर्यंत त्याने ट्रान्सफॉर्मर काढून पिन थेट भिंतीत खुपसली होती. फट् असा एक छोटा आवाज झाला. फराळाच्या वासात एक वेगळा वास मिसळला. “वायरिंग बघून घ्या तुमचं,” मेहुणा म्हणाला, “लोड घेत नाही.”

तेव्हापासून चेंजरचा दरवाजा उघडत नाही. आत सगळ्या सीडी आहेत. मेकॅनिक म्हणतात, “मी येईन, तोवर हात लावू नका.” त्यांना माझा नंबर आता पाठ आहे, पण फोन अजून आलेला नाही. जोशी दर रविवारी सकाळी येतात.

“तेवढी किशोरीताईंची सीडी...”

“आत आहे. अगदी सुरक्षित आहे.”

जोशी यंत्राच्या काचेतून आत बघतात, चहा घेतात आणि जातात. ते गेले की पार्ल्याच्या काकांना फोन करायची वेळ होते.

“कसा आहे?”

“मजेत आहे, काका.”

“वाजतो ना?”

“हल्ली जरा शांत असतो.”

“वयानुसार होतं तसं,” काका समजुतीने म्हणतात.

हे सगळं वाचूनही कुणाला जुना चेंजर घ्यावासा वाटत असेल, आणि वाटतंच, मला माहीत आहे, तर थोडक्यात सांगतो. स्वतःची सीडी बरोबर न्या आणि ती प्रत्येक खणात घालून बघा; पहिल्या खणात सगळेच वाजतात. ख्यालाऐवजी दुकानदाराला कळेल असं काही न्या. शेवटचा ट्रॅक वाजवून बघा. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि थकलेली लेन्स शेवटाकडे अडखळते. मागच्या पाटीवर व्होल्ट वाचा. रिमोट हातात पडेपर्यंत पैसे खिशात ठेवा. आतल्या सीडी काढल्याशिवाय रिक्षा बोलावू नका. आणि घरी मेहुणा असेल तर यंत्र भिंतीपासून दूर ठेवा.

परवा वाढदिवसाला मुलीने मला मनगटावरचं घड्याळ दिलं. ते दर तासाला थरथरतं आणि सांगतं, उठा, फार वेळ बसलात. हल्ली डॉक्टरही तेच सांगतात. न उठता पंधरा दिवस बसता यावं म्हणून जपान्यांनी एवढी अक्कल खर्च केली आणि आता त्याच माणसाला तासातासाने उठवायला दुसरं यंत्र विकत घ्यावं लागतं. माझी पंचाईत वेगळीच आहे. घड्याळ थरथरतं, तेव्हा मी बहुधा एका चेंजरखाली शिरलेला असतो किंवा दुसऱ्याला उचलत असतो. रात्री ते माझ्या हालचालींची बेरीज करून मला शाबासकी देतं. मुलीला वाटतं, बाबा फिरायला जाऊ लागले.

तेव्हा माझा निर्णय असा : बसून गाणं ऐकायचं असेल, तर फोन पुरे आहे आणि कारवां त्याहून सोपा. पण उठून, वाकून, पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून गाणं ऐकायचं असेल, तर जुन्या सीडी चेंजरला तोड नाही.